नाताळातील खोताची वाडी
नाताळचा देखावा मुलांना दाखवण्यासाठी मुंबईकरांनी शहराबाहेर जाण्याची गरज नाही. चर्नी रोड स्थानकापासून पायी अंतरावर, गिरगावातील सेंट तेरेसा चर्चजवळ खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत यांच्यावरून तिला हे नाव पडले. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या लाकडी घरांवर डिसेंबरात चांदणीच्या आकाराचे कंदील लागतात, गव्हाणीचे देखावे मांडले जातात. प्रथेनुसार बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्री गव्हाणीत ठेवतात. त्याआधी गेल्यास ती रिकामी दिसते. ही राहती घरे असल्याने ओट्यावर चढण्यापूर्वी वा छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, हे मुलांना आधीच सांगावे. एकेकाळच्या सुमारे ६५ घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत. त्यामुळे ही भेट पुढच्या वर्षावर ढकलू नये.