पद्मिनी स्वस्त कशामुळे होती?

"पद्मिनी म्हणजे बिनखर्चाची गाडी," असं जुने लोक सांगतात. खरं तर या १०८९ सीसीच्या गाडीचे नखरे कमी नव्हते. उन्हाळ्यात पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची, मग पंपावर ओलं फडकं टाकून थांबा! स्टिअरिंगजवळच्या गिअरचे बुश झिजायचे, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासावे लागायचे, पत्रा गंजायचा.

पण कुर्ल्यात १९६४ पासून फियाट डिलाइट म्हणून बनलेली, १९७४ मध्ये पद्मिनी झालेली ही गाडी मुंबईची टॅक्सी होती. त्यामुळे पार्ट आणि मिस्त्री गल्लोगल्ली. उत्पादन थांबल्यावरही टॅक्सीवाल्यांनीच तो बाजार जगवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आता हौशी मालकाला साध्या बुशसाठीही वणवण करावी लागते. गाडी तीच आहे हो, स्वस्ताई टॅक्सीवाल्यांची होती.