मध्यस्थी : वाद बोलून मिटवण्याची मोफत सोय (कोलकात्यातील मराठी भाषिकांसाठी माहिती)

घरमालकाने पाणी तोडले आहे, भावाने आईच्या औषधाचा वाटा देणे थांबवले आहे किंवा भागीदाराने हिशेब दाखवणे बंद केले आहे. अशा वादात कोर्टाची पायरी चढण्याआधी, आणि दावा दाखल झाल्यानंतरही, मध्यस्थीचा मार्ग खुला असतो. तो कोणासाठी आहे, कोठे जायचे आणि सही करण्यापूर्वी काय तपासायचे, याची माहिती येथे दिली आहे.

मध्यस्थी म्हणजे काय?

दोन्ही पक्ष एका तटस्थ, प्रशिक्षित व्यक्तीसमोर बसून आपसात तोडगा काढतात, याला मध्यस्थी म्हणतात. मध्यस्थ निकाल देत नाही. तोडगा मान्य करायचा की नाही, हे तुम्हीच ठरवता.

मिळतेजुळते शब्द ऐकून गोंधळू नका :
• लवाद : येथे नेमलेली व्यक्ती निर्णय देते आणि तो पाळावा लागतो.
• लोक अदालत : येथे तडजोड झाली की निवाडा होतो. त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ असते आणि त्यावर अपील करता येत नाही.
• सालिशी : बंगालीत हा शब्द लवादासाठी वापरतात, तसाच गावातल्या किंवा पाड्यातल्या पंचांच्या बैठकीसाठीही. अशा बैठकीने लादलेला दंड किंवा बहिष्कार कायद्याने बंधनकारक नाही. तुम्हाला सरकारी सोय हवी असेल, तर ‘मध्यस्थता’ हा बंगाली शब्द वापरा.

कायद्याचा आधार

दाखल झालेला दिवाणी दावा न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 नुसार मध्यस्थीकडे पाठवू शकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार राज्य आणि जिल्हा पातळीवर मोफत मदत मिळते. संसदेने 2023 मध्ये स्वतंत्र मध्यस्थी कायदा केला असून त्यातील काही कलमे 9 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली.

मोफत मदत कोणाला?

1987 च्या अधिनियमातील कलम 12 नुसार पुढील व्यक्तींना मोफत विधी सेवा मिळते :
• महिला आणि मुले (उत्पन्नाची अट नाही)
• अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती
• दिव्यांग व्यक्ती
• औद्योगिक कामगार
• मानवी तस्करीचे किंवा मोठ्या आपत्तीचे बळी
• कोठडीत असलेल्या व्यक्ती
• ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती

तुम्ही मूळचे महाराष्ट्राचे आहात म्हणून पश्चिम बंगालमध्ये ही मदत नाकारता येत नाही. सांगलीकडून गलाईच्या कामासाठी आलेला कारागीर असो की तीन पिढ्या हाजरा भागात राहणारे कुटुंब, नियम एकच आहे.

कोठे जावे?

1. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या मदत क्रमांकावर फोन करा.
2. पश्चिम बंगाल राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय किरण शंकर रॉय रोडवर सिटी सिव्हिल कोर्टाच्या इमारतीत आहे. जाण्याआधी फोनवर वेळ विचारून घ्या.
3. दावा आधीच चालू असेल तर न्यायालयातच मध्यस्थीची विनंती करा.
4. मुले सांभाळत नसतील तर आई-वडील 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. न्यायाधिकरण प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. ज्येष्ठांसाठी 14567 हा मदत क्रमांक आहे.

बैठकीत काय बोलावे?

मध्यस्थ दोघांना एकत्र ऐकतो आणि गरज वाटल्यास प्रत्येकाशी स्वतंत्रपणेही बोलतो. स्वतंत्र बैठकीत सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगितली जात नाही.

• घडलेल्या गोष्टी तारखांसह एका कागदावर लिहून न्या.
• समोरच्याच्या स्वभावावर न बोलता, काय घडले ते सांगा. “तुम्ही लबाड आहात” असे म्हटले की भांडण वाढते. “तीन आठवडे पाणी नाही, मुलगी शेजारून बादल्या आणते” असे सांगितले तर त्यावर उत्तर द्यावेच लागते.
• मागणीमागची गरज सांगा. समजा, घरमालकाला जागा रिकामी हवी आहे आणि तुम्हाला मुलीची दहावी होईपर्यंत तेथे राहायचे आहे. दोघांच्या गरजा कळल्या की तारखेवर बोलणे होऊ शकते.
• समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. त्याचे म्हणणे तुम्हाला काय समजले, ते आधी बोलून दाखवा.

सही करण्यापूर्वी

बोलणी बंगालीत किंवा हिंदीत होतात आणि मसुदा बहुधा इंग्रजीत किंवा बंगालीत असतो. रोजच्या व्यवहारातले बंगाली येत असले तरी कायद्याची भाषा समजेलच असे नाही. म्हणून :
• मसुदा तुम्हाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा, अशी मागणी पहिल्याच बैठकीत करा. विश्वासातला दुभाषी आणायचा असेल तर आधी परवानगी घ्या.
• समोरच्या पक्षाच्या माणसाने केलेल्या भाषांतरावर अवलंबून राहू नका.
• कोणी, किती रक्कम, कोणत्या तारखेला द्यायची आणि न दिल्यास काय होईल, हे सारे लिहिलेले आहे का ते पाहा.
• न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. पुढची तारीख मागता येते.

तडजोड न्यायालयाने किंवा लोक अदालतीने नोंदवून घेतली की ती पाळावीच लागते. “मला भाषा कळली नव्हती” असे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते.

मध्यस्थी कोठे योग्य नाही?

खून, बलात्कार, बालकांवरील अत्याचार अशा गंभीर गुन्ह्यांत तडजोड होत नाही. घरात मारहाण होत असेल किंवा समोरच्याची भीती वाटत असेल, तर कोणाच्या आग्रहाने एका टेबलावर बसू नका. आधी 112 या क्रमांकावर मदत मागा.

लक्षात ठेवा : बोलणी सुरू आहेत म्हणून दावा दाखल करण्याची मुदत आपोआप थांबते, असे धरून चालू नका. ती कधी संपते, हे विधी सेवा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. मध्यस्थीत तोडगा निघाला नाही, तरी न्यायालयात जाण्याचा तुमचा हक्क कायम राहतो आणि बैठकीत बोललेले तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जात नाही.