हरिपूरची पेवे

हळद वर्षातून एकदाच निघते आणि लागते मात्र बारा महिने. उन्हाळ्याच्या तोंडाशी कृष्णाकाठी काढणी होते. कंद शिजवून, वाळवून, घासून चकाकी आली की हळकुंडे सांगलीच्या सौद्यात येतात. सातारा भागातील मालही याच पेठेत उतरतो. सांगली जिल्हा 1949 मध्ये साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला, 1960 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. व्यापाराने ही हद्द फारशी मनावर घेतली नाही. सगळी आवक एकदम झाली की भाव कोसळतो, आणि माल राखून ठेवावा तर भुंगा आणि ओल. त्यावरचा जुना तोडगा म्हणजे हरिपूरची पेवे, जमिनीत खणलेली कोठारे.

हरिपूर सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली माती खोलवर चिवट आणि घट्ट, त्यामुळे खणलेला खड्डा ढासळत नाही. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच. आत ते रुंद होत जाते. तळाला आणि कडेने पाला-गवताचा थर देऊन हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आतल्या हवेतला प्राणवायू संपला की कीड जगत नाही. उजेड नसल्याने रंगही टिकतो. अशी हळद काही वर्षे राहते. आगीची भीती नाही, चोरीची जवळपास नाही. मात्र जी कोंडलेली हवा किडा मारते, तीच हमालाचाही जीव घेते. म्हणून उघडलेले पेव बराच वेळ मोकळे ठेवतात, आधी कंदील सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही.

पेवाने व्यापाऱ्याला थांबण्याची ताकद दिली. पीक बुडालेल्या वर्षी मागचा साठा बाहेर काढता येई. दुसऱ्या बाजूने सांगलीत हळदीचे वायदेही चालत. म्हणजे मालाची काळजी जमिनीवर आणि भावाची काळजी कागदावर सोपवलेली.

या व्यवस्थेतली उणीव मात्र तिच्या जागेतच होती. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या मालकांची हळद दोन नद्यांच्या संगमाजवळ, एकाच गावच्या जमिनीत. कीड, चोर, मंदी यांचा विचार झाला होता. पाणी वरून येईल, याचा तितकासा नाही. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि मोठा साठा नासला. त्यानंतर व्यापारी गोदामे आणि शीतगृहांकडे वळले. 2019 मध्ये कृष्णा पुन्हा सांगलीत शिरली, तोवर पेवांचा वापर बराच आटला होता.