रात्री अकराचा ठोका

आमच्या बारामती-इंदापूरकडे आंदोलन म्हटलं की नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन, ऊसदर, दूधदर. पुणे-सोलापूर महामार्ग अडवला की पोलीस गाडीत घालतात, जमावबंदी मोडल्याचा गुन्हा टाकतात आणि संध्याकाळी सोडून देतात. गुन्हा दाखल होणं म्हणजे एवढंच, अशी आपली समजूत. ती किती अपुरी आहे, हे उमर खालिद या कार्यकर्त्याच्या अटकेपर्यंतचे दिवस मोजले की कळतं. त्यातला एक महत्त्वाचा दिवस महाराष्ट्रातलाच आहे.

१२ डिसेंबर २०१९ : २७६ दिवस बाकी
नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपतींची सही होते. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी होते. यादीत मुसलमान नाहीत. देशभर निदर्शनं सुरू होतात.

१७ फेब्रुवारी २०२० : २०९ दिवस बाकी
अमरावतीच्या सभेत खालिद बोलतो. २४ तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प भारतात येतील तेव्हा लोकांनी रस्त्यावर यावं, असं तो म्हणतो. त्याच भाषणात तो हेही सांगतो, की हिंसेला हिंसेनं आणि द्वेषाला द्वेषानं उत्तर द्यायचं नाही.

२३ फेब्रुवारी : २०३ दिवस बाकी
ईशान्य दिल्ली पेटते. दंगलीत ५३ माणसं मारली जातात, त्यांत बहुसंख्य मुसलमान.

२ मार्च : १९५ दिवस बाकी
भाजपच्या आयटी विभागाचे प्रमुख अमित मालवीय अमरावतीच्या भाषणाचा तुकडा ट्वीट करतात. तो वाहिन्यांवर झळकतो.

६ मार्च : १९१ दिवस बाकी
दिल्ली पोलीस गुन्हा क्रमांक ५९/२०२० नोंदवतात. दंगल हा पूर्वनियोजित कट होता, असा त्यांचा आरोप. पुढे त्याला यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची कलमं जोडली जातात.

११ मार्च : १८६ दिवस बाकी
लोकसभेत गृहमंत्री अमित शहा खालिदचं नाव न घेता १७ फेब्रुवारीच्या भाषणाचा दाखला देतात.

३१ जुलै : ४४ दिवस बाकी
खालिदची चौकशी होते. त्याचा मोबाइल जप्त होतो.

१ सप्टेंबर : १२ दिवस बाकी
आपल्याविरुद्ध खोटे जबाब देण्यासाठी लोकांवर दबाव येतोय, असं पत्र तो दिल्लीच्या पोलीस आयुक्तांना लिहितो.

१३ सप्टेंबर, दुपारी १ : १० तास बाकी
रविवार. लोधी कॉलनीतल्या दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलच्या कचेरीत चौकशी सुरू होते. सिंहभूमच्या आदिवासींच्या इतिहासावर जेएनयूत पीएचडी केलेला हा संशोधक ३३ वर्षांचा आहे.

रात्री ११ : अटक
बातमी वडील एस. क्यू. आर. इलियास ट्विटरवरून देतात.

१४ सप्टेंबर
दहा दिवसांची पोलीस कोठडी मिळते. कारण असं दिलं जातं, की ११ लाख पानांची माहिती समोर ठेवून त्याला प्रश्न विचारायचे आहेत. दहा दिवस, दहा रात्री न झोपता वाचलं तरी मिनिटाला ७६ पानं होतात.

यानंतर मोजणी वर्षांत करावी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये बचाव पक्ष न्यायालयात संपूर्ण भाषण दाखवतो. आमचं चित्रण मालवीयांच्या ट्वीटमधून घेतलं होतं, असं एका वाहिनीनं कळवल्याचंही तो पुढे आणतो. ३ डिसेंबर २०२२ ला दिल्लीतल्या खजुरी खासच्या दुसऱ्या दंगल प्रकरणातून खालिद आरोपमुक्त होतो, पण ५९/२०२० मुळे तुरुंगातच राहतो. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन द्यायचा नाही, असं यूएपीएचं कलम ४३-ड(५) सांगतं. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोनदोनदा जामीन नाकारतात. ५ जानेवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालय याच प्रकरणातल्या पाच जणांना जामीन देतं. खालिद आणि सहआरोपी शर्जील इमाम यांची भूमिका वेगळी ठरवून त्यांना नाकारतं. तोवर सव्वापाच वर्षं गेलेली असतात आणि आरोपनिश्चितीही झालेली नसते.

तो दोषी की निर्दोष, हे साक्षीपुरावे तपासून न्यायालयानं ठरवायचं आहे. माझं म्हणणं इतकंच, की ते ठरण्याआधी कुणाची पाच वर्षं घेता येत नाहीत. दोषी नसेल तर ती परत कोण देणार? म्हणून खटला लवकर चालवा, नाहीतर जामीन द्या. आणि उद्या आपल्या तालुक्यातल्या कुणाच्या भाषणाचा तुकडा मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी अख्खं भाषण मागा. अमरावतीचं अख्खं भाषण न्यायालयात दाखवलं गेलं, तेव्हा ते करणारा जवळजवळ वर्षभर तुरुंगात होता.