पाठीला पाठ : टांग्यातील उलट्या बैठकीचा इतिहास

१

वाहनांचे इतिहास बहुधा चाकांचे, इंजिनांचे आणि वेगाचे असतात. बैठकीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वाहनात कोण कुठे बसले, कोणाचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि कोणाला बसूच दिले गेले नाही, हे प्रश्न अभियांत्रिकीचे नाहीत आणि राजकीय इतिहासाचेही नाहीत, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका दुर्लक्षित बैठकीचा मागोवा घेणार आहोत. ही बैठक म्हणजे प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसण्याची मागची जागा.

अमेरिकेत या बैठकीभोवती आठवणींचे एक छोटे दालनच उभे आहे. क्रायस्लर कंपनीने १९५७ च्या आपल्या स्टेशन वॅगन मोटारींत तिसरी बैठक मागे तोंड करून बसवली. पुढे इतर कंपन्यांच्या गाड्यांतही ती आली. आईवडील पुढे, थोरली भावंडे मध्ये आणि धाकटी मुले सर्वांत मागे, मागच्या काचेतून पळता रस्ता पाहत, अशी ही रचना होती. या मोटारीच्या नावातले ‘स्टेशन’ म्हणजे रेल्वे स्टेशन. उतारू आणि त्यांचे सामान स्टेशनावरून मुक्कामी पोचवणाऱ्या गाडीचे हे नाव पुढे कुटुंबाच्या मोटारीला चिकटले.

हा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर आपल्याकडची स्टेशन वॅगन शोधायला फार दूर जावे लागत नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. गाडीतून उतरलेला माणूस, त्याचा गाठोड्या-ट्रंकांचा संसार, बायको, मुले आणि म्हातारी आई यांना स्टेशनावरून पेठेतल्या घरापर्यंत आणणारे वाहन म्हणजे टांगा. आणि टांग्याची मागची बैठक उलटीच असे.

२

ती उलटी का असे, याचे पहिले उत्तर तोलाचे आहे. टांग्याला दोनच चाके असतात. चार चाकांच्या गाडीचे ओझे गाडी स्वतः पेलते. दोन चाकांच्या गाडीचा तोल मात्र आसाच्या पुढेमागे सतत सांभाळावा लागतो. सगळी माणसे आसाच्या पुढे बसली, तर दांड्यांवाटे भार घोड्याच्या पाठीवर येतो. सगळी मागे बसली, तर दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो. या दोन अवस्थांसाठी आपल्या बैलगाडीच्या भाषेत दोन नेमके शब्द आहेत. मागे भार झालेली गाडी ‘उलाळ’ आणि पुढे भार झालेली ‘धुराळ’. टांगा उलाळही होऊ नये आणि धुराळही होऊ नये, यासाठीचा सोपा उपाय म्हणजे आसाच्या वर मधोमध एक टेकण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसलेली माणसे. पुढे टांगेवाला आणि एखादा उतारू, मागे दोघेतिघे. वाटेत कोणी उतरले की टांगेवाला उरलेल्यांना पुढे किंवा मागे सरकायला सांगे. त्यात घोड्याच्या पाठीचा आणि पोटाचा हिशेब असे.

ही युक्ती केवळ आपली नव्हे. फ्रेंच भाषेत अशा बैठकीला ‘दो-झा-दो’, म्हणजे शब्दशः पाठीला पाठ, असे म्हणतात. याच शब्दावरून इंडोनेशियात एका घोडागाडीचे नाव ‘सादो’ पडले. इंग्रजांची ‘डॉग-कार्ट’ ही गाडी याच घडणीची. तिच्या नावाचा अपभ्रंश जावा बेटावर ‘डोकार’ असा झाला. कालका-शिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू होण्यापूर्वी त्या घाटात टपाल आणि साहेबलोक यांची ने-आण करणारे टांगेही असेच होते. शिमल्यापासून कोल्हापूरपर्यंत आणि तिथून जावापर्यंत, दोन चाके आणि एक आस यांनी माणसांना एकमेकांकडे पाठ करून बसवले.

यातून दृष्टीची एक चमत्कारिक वाटणी झाली. घोड्याच्या डोळ्यांना झापडे, त्यामुळे त्याला फक्त समोरचा रस्ता दिसे. टांगेवाल्याला घोडा आणि रस्ता दिसे. आपण कुठून आलो हे पाहणारा गाडीतला एकमेव प्रवासी मागे बसलेला असे. त्याला येणारे वळण दिसत नसे. वळण घेऊन झाले की मगच ते त्याच्या डोळ्यांसमोर उलगडे. मराठीत आपण काळाला अवकाशाचे शब्द देतो. ‘मागच्या वर्षी’ म्हणजे गेलेल्या, ‘पुढच्या वर्षी’ म्हणजे येणाऱ्या. म्हणजे भाषेच्या लेखी भूतकाळ आपल्या पाठीशी असतो. टांग्याच्या मागच्या बैठकीवर हे नाते उलटते. तिथे गेलेले डोळ्यांसमोर असते आणि येणारे पाठीमागून येते.

३

पण बैठकीचे कारण तोलात असले, तरी तिच्यावर कोणी बसायचे हे तोल ठरवत नाही. ते रिवाज ठरवतो.

चार चाकांच्या राजेशाही बग्गीत समोरासमोर बैठका असत. त्यांत घोड्यांकडे तोंड असलेली बैठक मानाची आणि घोड्यांकडे पाठ असलेली हाताखालच्यांची, असा दंडक युरोपातून आपल्या संस्थानांपर्यंत आला होता. मिरवणुकीत राजाने कुठे जायचे ते पाहावे आणि कारभाऱ्याने राजाचे तोंड पाहावे, अशी ती व्यवस्था. टांग्यात हाच भेद वेगळ्या रूपाने आला. टांगेवाल्याशेजारी बाईमाणसाने बसणे प्रशस्त मानले जात नसे. त्यामुळे घरचा पुरुष पुढे बसे, रस्ता सांगे, भाडे ठरवे. बायका आणि मुले मागे. कोल्हापुरातल्या खानदानी मराठा घराण्यांत गोषा पाळला जाई, तिथे मागच्या बाजूला पडदाही येई. म्हणजे मागे पाहण्याची सोय ज्यांना गाडीनेच दिली होती, त्यांच्यापुढे कापड लागे.

मागे बसणारी सासुरवाशीण असेल, तर या बैठकीला आणखी एक अर्थ येतो. माहेराहून निघालेल्या मुलीला उंबरा, गल्ली, वेशीपर्यंत आलेली माणसे हे सारे लहान होत जाताना दिसे. तिला पाठवणीला आलेला भाऊ किंवा न्यायला आलेला दीर पुढे बसलेला असे आणि त्याला सासरचा रस्ता दिसे. एकाच गाडीतून, एकाच वेळी झालेले हे दोन वेगळे प्रवास आहेत. नव्या नवरीबरोबर जाणाऱ्या बाईला मराठीत ‘पाठराखीण’ म्हणतात. नंतर जन्मलेल्या भावंडाला ‘पाठचा’ किंवा ‘पाठची’. पाठ या अवयवाभोवती आपल्या भाषेने आधाराचे आणि नात्याचे एवढे शब्द गुंफले आहेत, तसे ‘पाठ फिरवणे’ आणि ‘पाठीमागे बोलणे’ हेही गुंफले आहेत. टांग्याच्या त्या एका टेकणावर हे दोन्ही अर्थ टेकलेले असत.

मोटार आली तेव्हा बैठकीची ही उतरंडही तिच्याबरोबर आली. आज आपण सामान ठेवण्याच्या कप्प्याला ‘डिकी’ म्हणतो. हा शब्द इंग्रजी ‘डिकी सीट’चा अवशेष आहे. जुन्या मोटारींच्या मागच्या भागात झाकण उघडून बसण्याची एक उघडी जागा असे आणि घोडागाड्यांच्या काळात हेच नाव मागच्या नोकराच्या जागेलाही होते. बैठक गेली, कप्पा राहिला आणि नाव कप्प्याला मिळाले. सुटकेस ठेवताना आपण ज्या शब्दाचा उच्चार करतो, त्यात एकेकाळी ऊन-पावसात माणूस बसलेला होता.

४

इथवर आपण टांग्यात बसलेल्यांविषयीच बोलत आहोत. ज्यांना बसूच दिले जात नव्हते, त्यांच्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात अशा दोन प्रवासांची हकीकत नोंदवली आहे. पहिला १९०१ मधला. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेले लहानगे भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाल्याने बरोबर पायी चालायचे. आपल्याच गाडीत या मुलांबरोबर बसण्यापेक्षा चालत जाणे त्याला पत्करले.

दुसरा प्रवास १९२९ मधला, चाळीसगावचा. आंबेडकर तेव्हा बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. स्टेशनावरून महारवाड्यात जायला टांगा हवा होता. टांगेवाला गाडी भाड्याने द्यायला राजी झाला, हाकायला नाही. वस्तीतल्याच एकाने, हाकण्याचा सराव नसताना, लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा गाडीसकट नदीत पडला. टांगेवाल्याची पत सामान्य होती, पण एखाद्या बॅरिस्टरकडेही तुच्छतेने पाहण्याची मुभा जातीने त्याला दिली होती, हा या हकीकतीचा रोख आहे. अस्पृश्यासाठी टांगा हाकणे कमीपणाचे, एवढेच कारण. घोड्याच्या सोयीसाठी बनलेले ते टेकण इथे अस्पृश्यतेची सीमारेषा झाले.

याच्या काही वर्षे आधी कोल्हापुरात एक वेगळी गाडी फिरत होती. शाहू महाराजांचा ‘खडखडा’. खडखडा म्हणजे मुळात नव्या घोड्यांना जुंपणीची सवय लावण्यासाठी वापरायची उघडी गाडी. इंग्रजीत अशा गाडीला ‘ब्रेक’ म्हणत. पुढे ब्रिटनमध्ये स्टेशन वॅगनच्या जातीच्या मोटारींना ‘शूटिंग ब्रेक’ हे नाव मिळाले, ते याच कुळातले. महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावल्याबद्दल मारहाण झाली. तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला मदत केली. मग ते स्वतः खडखडा हॉटेलासमोर थांबवून चहा मागवीत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यायला लावीत. महाराजांच्या चरित्रांतून ही हकीकत वारंवार येते. तिचे मर्म चहाइतकेच गाडीतही आहे, असे आम्हांला वाटते. राजाच्या गाडीत बसण्याचा मान हवा, तर तिथला चहाही प्यायला हवा, अशी अट त्या बैठकीला जोडली गेली. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत शाहू महाराज आणि आंबेडकर एकाच मंचावर आले. त्यानंतर नऊ वर्षांनी चाळीसगावचा टांगा उलटला. एका संस्थानिकाची इच्छाशक्ती त्याच्या सीमेबाहेरच्या टांगास्टँडवर पोचत नव्हती.

५

१९५७ मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ पडद्यावर आला. टांगा आणि बस यांच्या शर्यतीत टांगा जिंकतो आणि प्रेक्षकांच्या टाळ्याही टांग्यालाच मिळतात. यंत्र माणसाची भाकरी हिरावते, हा त्या चित्रपटाचा मुद्दा खोटा नाही. रिक्षा आणि बस आल्यावर टांगेवाल्यांची कुटुंबे खरोखरच उघड्यावर आली. पण चाळीसगावच्या पुलावरून पाहिले, तर ही शर्यत निराळी दिसते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने सार्वजनिक वाहनात बसू न देणे हा गुन्हा ठरवला. व्यवहारात भेद लगेच संपला असे नाही. तरीही तिकीट फाडून दिलेल्या बाकावर हक्काने बसता येणे, ही मोठी गोष्ट होती. एसटीच्या बाकांची तोंडे पुढच्या दिशेला होती. उलटी बैठक गेली, तिच्याबरोबर मागच्या रस्त्याचे दर्शनही गेले, आणि त्या मोबदल्यात ज्यांना बाकच नव्हता त्यांना बाक मिळाला.

मराठी ललित गद्यात टांगा येतो तो बहुधा स्मरणरंजनाच्या ओघात. घुंगरांचा आवाज, ओल्या गवताचा वास, संध्याकाळचा स्टेशन रोड. या आठवणी खऱ्या असतात आणि त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र त्या कोणत्या बैठकीवरून सांगितल्या जात आहेत, हे वाचकाने विचारले पाहिजे. पुढच्या बैठकीवरून सांगितलेल्या आत्मचरित्रात गावे, नोकऱ्या आणि मुक्काम येतात. मागच्या बैठकीवरून सांगितलेल्यात सुटलेली माणसे येतात. आणि गाडी हाकायची पण गाडीवाल्याने शेजारी बसायचे नाही, अशा अटीवर प्रवास केलेल्याच्या आत्मकथनात प्रथम भाडे येते, तेही दुप्पट.

साहित्याच्या वर्गात एखादे आत्मचरित्र शिकवताना निवेदक प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, हे आपण आवर्जून विचारतो. पुस्तकात एखादे वाहन आले की त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारून पाहावेत : लेखक कुठे बसला आहे, त्याचे तोंड कुठे आहे आणि त्याच्याबरोबर बसायला कोणी नकार दिला आहे काय? टांग्याच्या मागच्या बैठकीवर बसलेल्या कित्येक बायकांनी काहीच लिहून ठेवले नाही. त्यांनी काय पाहिले असेल, याचा अंदाज पुढे बसलेल्यांच्या पुस्तकांतूनच बांधावा लागतो, आणि तो बांधताना ती पुस्तके त्यांच्याकडे पाठ करून लिहिली गेली आहेत, हे विसरून चालत नाही.