रक्तगट आणि अर्बुदे : एका संबंधाच्या शोधाचा इतिहास

रोगप्रवणता माणसाच्या रक्तातच असते काय, हा प्रश्न जुना आहे. परंतु त्यास मोजमापाचे रूप आले ते विसाव्या शतकात. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्ना येथे मानवी रक्ताचे गट पाडून दाखविले आणि सामान्यतः आयुष्यभर न बदलणारे एक आनुवंशिक लक्षण संशोधकांच्या हाती आले. त्याचा रोगांशी संबंध जोडण्याचा मोह होणे स्वाभाविकच होते.

या मोहातील धोका मात्र निराळ्याच संशोधनातून उघड झाला. लुडविक व हांका हिर्शफेल्ड या दांपत्याने पहिल्या महायुद्धात सॅलोनिका येथील आघाडीवर अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पश्चिम युरोपीयांत 'ए' गटाचे, तर हिंदी सैनिकांत 'बी' गटाचे प्रमाण अधिक होते. तेव्हा एका प्रदेशातील रुग्ण दुसऱ्या प्रदेशातील निरोगी लोकांशी ताडून पाहिल्यास दिसणारा फरक रोगाचा नसून लोकसमूहांचा असणे शक्य होते.

१९५३ साली लंडनमधील शल्यचिकित्सक इयान एअर्ड यांनी बेंटॉल व फ्रेझर रॉबर्ट्स यांच्यासह हाच प्रश्न हाती घेतला. ब्रिटनच्या उत्तर भागात जठराचा कर्करोग अधिक आणि 'ओ' गटही अधिक. यावरून संशय 'ओ' गटाकडे जावा. परंतु रुग्णांची तुलना त्या त्या भागातील लोकांशी करताच चित्र उलटले : रुग्णांत 'ए' गट अपेक्षेहून अधिक आणि 'ओ' गट कमी निघाला. प्रत्येक ठिकाणचे गुणोत्तर स्वतंत्रपणे काढून मगच ते एकत्र करण्याची रीत बार्नेट वुल्फ यांनी १९५५ साली मांडली. तीनुसार 'ए' गटातील धोका 'ओ' गटाच्या सुमारे १.२ पट ठरला.

तुलनेसाठी घेतलेले लोक योग्य नव्हते, हा आक्षेप त्यानंतरही घेतला गेला. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडन व डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक रक्तदात्यांच्या अभ्यासातही जठराच्या कर्करोगाबाबत तेवढेच गुणोत्तर मिळाले. त्याआधी, २००९ साली, स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा आनुवंशिक शोध घेताना संशोधक नवव्या गुणसूत्रावरील रक्तगटाच्या जनुकापाशीच येऊन पोहोचले. तेथेही 'ओ' गटात धोका कमी आढळला. रक्तगट ठरविणारे शर्करायुक्त घटक केवळ तांबड्या पेशींवर नसून जठर व स्वादुपिंड यांच्या पेशींवरही असतात, हे ध्यानी घेता या संबंधाचे फारसे नवल वाटत नाही.

तथापि संबंध सिद्ध होणे म्हणजे भाकीत करता येणे नव्हे. समजा, 'ओ' गटातील हजार जणांपैकी दहांना एखादा रोग होत असेल, तर १.२ या गुणोत्तराने 'ए' गटातील हजारांपैकी बारांना तो होईल. उरलेले ९८८ त्यापासून मुक्तच राहतील. जठराच्या कर्करोगात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात धूम्रपान ही कारणे रक्तगटापेक्षा अधिक प्रबळ आहेत, आणि ती टाळता वा दूर करता येतात. रक्तगट तसा बदलता येत नाही. म्हणून त्याचे महत्त्व व्यक्तीच्या भवितव्यापेक्षा रोगाच्या उत्पत्तीचा माग काढण्यातच अधिक आहे.