रत्नागिरीचे शेतकरी-नौसैनिक आणि दिल्लीचे दप्तर (१९३९–१९५०)

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी अन्न नाकारले व काम बंद केले. पाच दिवसांत हा संप कराचीपासून कलकत्त्यापर्यंतच्या जहाजांवर व किनाऱ्यावरील नाविक तळांवर पसरला आणि २३ फेब्रुवारीस मागे घेण्यात आला. मराठीत या घटनेला 'नाविकांचे बंड' हे नाव रूढ झाले असून तिचे विवेचन बहुधा राष्ट्रीय चळवळीच्या अंगाने केले जाते. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून भारतीय फौजा मागे घेणे या संपकऱ्यांच्या दोन मागण्या त्यामुळे सर्वपरिचित आहेत. त्याच यादीतील इतर काही मागण्या मात्र फारशा कोणी बारकाईने वाचलेल्या दिसत नाहीत. वय व सेवाकाल यांनुसार ठरविलेल्या गटांप्रमाणे लवकर सेवामुक्ती मिळावी, त्यानंतर योग्य रोजगाराची सोय व्हावी, सेवामुक्तीच्या वेळी वाढीव उपदान मिळावे आणि गणवेश व अन्य साहित्य परत घेऊ नये, असे त्यांत म्हटले होते. या मागण्या घरी परत जाऊ पाहणाऱ्या माणसाच्या आहेत. तो माणूस कोण होता व कोठे परतणार होता, हे पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ उलगडत नाही.

महायुद्धाच्या आरंभी 'रॉयल इंडियन नेव्ही'चे मनुष्यबळ ११४ अधिकारी व १,७३२ नौसैनिक एवढेच होते. नौसैनिकांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान व पंजाबी मुसलमान यांचा भरणा मोठा होता. कोकण किनाऱ्याचे आरमाराशी असलेले नाते जुने. तथापि केवळ दर्यावर्दी परंपरेने या भरतीचा खुलासा होत नाही. भातशेतीचे लहान लहान तुकडे, त्यांवर खोताचा हक्क आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नाही, या परिस्थितीत रत्नागिरीचा तरुण मुंबईच्या गिरणीत, गोदीत, व्यापारी जहाजावर किंवा पलटणीत जात असे आणि त्याच्या मनीऑर्डरीवर घर चाले. नौदल हा या वाटांपैकी एक होता. घरची शेती त्याने सोडलेली नसे. ती मागे राहिलेल्या स्त्रिया, वृद्ध व भाऊबंद करीत.

युद्धकाळात भरतीचे क्षेत्र विस्तारले. बंगाल, मद्रास, पंजाब, त्रावणकोर अशा सर्व भागांतून माणसे आली, शिकलेले तरुण आले आणि युद्धाच्या अखेरीस ही संख्या तीस हजारांच्या आसपास गेली. भरतीच्या वेळी वेतन, बढती व पुढील आयुष्याविषयी जी चित्रे रंगविली गेली, त्यांचा प्रत्यक्षाशी मेळ नव्हता. संपानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे ही तक्रार ठळकपणे आली.

प्रत्यक्ष युद्धातील कामगिरी येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात 'बेंगाल' या छोट्या सुरुंगशोधक नौकेने 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाच्या जोडीने दोन जपानी सशस्त्र जहाजांशी झुंज दिली व त्यांपैकी एक बुडाले, ही गोष्ट बरीच गाजली. त्याआधी त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'इंडस' ही युद्धनौका अक्याबजवळ हवाई हल्ल्यात बुडाली होती. 'जमुना' व 'सतलज' १९४३ च्या सिसिलीच्या मोहिमेत होत्या. १९४५ च्या आरंभी आराकानच्या खाड्यांत 'नर्बदा' व 'जमुना' यांनी किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेस तोफांचा आधार दिला. ज्याने होडीतून खाडी ओलांडण्यापलीकडे समुद्र पाहिला नव्हता, अशा माणसाने या काळात तोफा, रडार, बिनतारी यंत्रे आणि वाफेची एंजिने हाताळली. पण गावी यांतले काहीच उपयोगाचे नव्हते.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले आणि प्रतीक्षा सुरू झाली. सेवामुक्तीचा क्रम वय व सेवाकाल यांनुसार लावण्यात आला होता. तो समन्यायी होता यात शंका नाही. परंतु कोकणातील शेतीचे वर्ष वेगळ्या क्रमाने चालते. उन्हाळ्यात भाजावळ, मृगाच्या सुमारास पेरणी, आषाढात लावणी. ज्याला जुलैनंतर सोडले त्याचे शेतीचे एक वर्ष गेले, आणि मुंबईत रोजगार शोधावा तर युद्धकाळात फुगलेले कारखाने व गोद्या आता माणसे कमी करीत होत्या. गणवेश परत न घेण्याची मागणी प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटते. मात्र १९४३ पासून कापडावर नियंत्रण होते व ग्रामीण भागात धडके वस्त्र मिळणे कठीण झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे शर्ट, जाड लोकरी कपडे, बूट व घोंगडी यांची किंमत कळते. अन्नाच्या तक्रारीचेही तसेच. १९४२ मध्ये ब्रह्मदेश गेल्यापासून तेथील तांदळाची आयात बंद पडली होती. स्वतःपुरते भातही न पिकविणाऱ्या जिल्ह्यातील कुटुंबे शिधावाटपावर जगत होती, आणि जहाजावरील जेवण निकृष्ट होते. घर व जहाज या दोन्हीकडचा पोटाचा प्रश्न एकाच पत्रात येत असणार.

या सर्वांचा निर्णय व्हावयाचा होता दिल्लीत. नौदलाचे मुख्यालय १९४१ मध्ये मुंबईहून दिल्लीस हलविण्यात आले होते. समुद्रापासून इतक्या दूर बसून नौदल चालविण्याची ही व्यवस्था युद्धकालीन शासनाच्या दृष्टीने सोयीची होती. परंतु नौसैनिक आणि त्याच्याविषयी निर्णय घेणारा अधिकारी यांच्यातील अंतर तिने वाढविले, असे म्हणावे लागते. खुद्द राजधानीतील 'इंडिया' या नाविक आस्थापनेतील नौसैनिकही फेब्रुवारीत संपात सामील झाले. २१ फेब्रुवारीस सरसेनापती व्हाइस ॲडमिरल गॉडफ्री यांनी नभोवाणीवरून प्रबळ बळाचा वापर करण्याचा इशारा दिला, त्यासाठी नौदल नष्ट झाले तरी चालेल असे त्यात सूचित होते. त्याच सुमारास मध्यवर्ती विधिमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली. मुंबईत मात्र गिरणगाव रस्त्यावर आले होते. सरकारी आकड्यानुसार तेथे दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. परळला गोळीबारात बळी पडलेल्या कमल दोंदे यांचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. गिरणगावाने नौसैनिकांची बाजू घेतली, त्यामागे राजकीय भावना होतीच. पण चाळींत राहणारा बहुसंख्य कामगार व जहाजावरील कोकणी नौसैनिक एकाच तालुक्यातून, पुष्कळदा एकाच गावातून आलेले होते, ही गोष्ट तितकीच विचारात घ्यावयास हवी.

दिल्लीचा आणखी एक धागा मराठी वाचकास विशेष जवळचा आहे. जुलै १९४५ मध्ये सेवामुक्त सैनिकांच्या पुनर्वसनासाठी 'पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय' स्थापन झाले आणि देशभर रोजगार विनिमय केंद्रे उघडण्यात आली. हे संचालनालय मजूर खात्याच्या अखत्यारीत होते, आणि १९४२ पासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडणारे आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेणारेही आंबेडकरच. रत्नागिरीतील खोताच्या कुळाचा मुलगा १९३८ मध्ये त्या मोर्चात चालला असेल, १९४२ मध्ये नौदलात भरती झाला असेल आणि १९४६ मध्ये रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवीत असेल, तर त्याच्या आयुष्याच्या तीन वळणांपैकी दोन ठिकाणी त्याची गाठ एकाच नावाशी पडत होती. अर्थात नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. ही केंद्रे मुख्यतः शहरांतच होती, आणि संपाच्या यादीत रोजगाराची मागणी आली यावरून नौसैनिकांचा त्यांवर किती भरवसा होता हे दिसते.

पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९४६ मध्ये साक्षी घेतल्या. अहवाल १९४७ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. व्यापक असंतोष हे मूळ कारण मानून आयोगाने वागणूक, वेतन, अन्न व वांशिक भेदभाव यांबरोबरच सेवामुक्तीविषयीच्या अस्वस्थतेचीही नोंद घेतली. तोवर शेकडो नौसैनिकांना कमी करण्यात आले होते. प्रचलित आकडा ४७६ असा आहे. नेत्यांपैकी बलाई चंद्र दत्त पत्रकारितेकडे वळले व १९७१ मध्ये त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले. परंतु दत्त यांच्यासारखे लिहिणारे थोडे होते. गावी परतलेल्या नौसैनिकाने आत्मचरित्र लिहिले नाही, आणि इतिहासलेखनाचा तोल त्यामुळे नेत्यांच्या बाजूस झुकला.

जे नौदलात राहिले त्यांच्यापुढे १९४७ मध्ये फाळणी उभी राहिली. 'सतलज' व 'जमुना' भारताकडे, तर 'नर्बदा' व 'गोदावरी' पाकिस्तानकडे गेल्या. 'नर्बदा'चे नामकरण 'झेलम' असे झाले. कोकणी मुसलमान नौसैनिकास ही वाटणी विशेष जड गेली असली पाहिजे. त्याचे गाव रत्नागिरीत होते, भाषा मराठी-कोकणी होती, आणि ज्या जहाजावर तो आराकानात लढला ते आता परक्या देशाचे झाले होते.

जे परतले त्यांच्या पायाखालची जमीन लवकरच बदलली. १९४८ चा कूळ कायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी कागदावर तरी कूळ मालकीच्या वाटेवर आले. जमिनीचे तुकडे मात्र तेवढेच राहिले, आणि मनीऑर्डरही चालू राहिली. फक्त ती आता पुन्हा गिरणीतून येऊ लागली.

१९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. १९४६ चे नाविक बंड या योजनेच्या मान्य चळवळींत आहे. अर्जासोबत कारावास भोगल्याचा किंवा नोकरी गमावल्याचा पुरावा लागे. बडतर्फ झालेल्यांकडे तो कागद होता. पण संपात उभा राहून, शिक्षा न होता, काही महिन्यांनी आपल्या गटाचा क्रमांक लागल्यावर रीतसर घरी गेलेल्या नौसैनिकाचे काय? त्याच्याजवळच्या सेवामुक्तीच्या दाखल्यावर त्याने केलेल्या संपाचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.